फाइन आर्ट फोटोग्राफीसाठी मास्टर्स: कॉलेज बघायचं की शिकवणारा माणूस?

सांगलीकर_पन्नासएमएम:

नमस्कार मंडळी. मी पुण्यात अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. फोटोग्राफी आम्हाला एक विषय म्हणून आहे, म्हणजे प्रॉडक्ट शूट, टेबलटॉप, थोडंफार लायटिंग, सबमिशन जवळ आलं की सगळे धावाधाव करून प्रिंट काढून आणणार आणि विषय संपला. पण गेल्या वर्षी एक व्हिजिटिंग सर आले आणि त्यांनी माझं डोकंच फिरवून टाकलंय. माझ्याकडे सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्याचे फोटो होते, मला वाटायचं एक नंबर आहेत, पिवळाधमक रंग, धुळीतून येणारं ऊन, सौदा पुकारणारा माणूस वगैरे. सरांनी सगळे टेबलावर पसरले, बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग चार-पाच बाजूला काढले आणि ते नेमके असे की ज्यात काहीच घडत नाहीये, रिकामी पोती, खुंटीला अडकवलेली हमालाची बंडी, भिंतीवर खडूने लिहिलेले आकडे. म्हणाले हे तुझे आहेत, बाकीचे इन्स्टाचे आहेत. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही.

आता घरी पप्पांचं म्हणणं गावात स्टुडिओ टाक, प्री-वेडिंगला मरण नाही. सर म्हणतात मास्टर्स कर, आणि करशील तर कॉलेजचं नाव बघू नको, शिकवतंय कोण ते बघ. तर मला विचारायचंय की हे खरंच असं असतं का? कॉलेजातल्या एखाद्या सरांमुळे किंवा मॅडममुळे माणसाचं आयुष्यभराचं काम उभं राहिलंय अशी उदाहरणं आहेत का, की हे सगळं नंतर नाव झाल्यावर मुलाखतीत सांगायच्या गोष्टी? टेक्निकल तर यूट्यूबवर सगळंच मिळतं.

नाशिकचा_क्लिकवाला:

भावा सर चांगलेच असणार पण सर ईएमआय भरत नाहीत. मी पण अप्लाइडचाच, आता लग्नं करतो, सीझनला झोप नाही आणि सीझन संपला की फोन वाजत नाही, पण घर चालतंय. फाइन आर्ट प्रिंट आपल्याकडे घेतंय कोण? लोक दोन लाखाचा सोफा घेतील आणि त्याच्या वरच्या भिंतीला बँकेचं कॅलेंडर लावतील. मेंटर हवाच असेल तर एखाद्या चांगल्या फोटोग्राफरकडे असिस्टंट म्हणून लाग, बॅगा उचल, लाइट धर, शिव्या खा. मास्टर्सची फी वाचेल त्यात एक लेन्स येईल.

शिकागोची_थंडी:

मुलाखतीतल्या गोष्टी नाहीत रे, मी जिथे राहते त्या शहरातच याचं मोठं उदाहरण आहे. इथे इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन म्हणून शाळा आहे, जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेतून आलेल्या लाझ्लो मोहोय-नॉज यांनी १९३७ मध्ये न्यू बाउहाउस या नावाने सुरू केलेली. १९४६ मध्ये त्यांनी हॅरी कॅलहन नावाच्या माणसाला शिकवायला घेतलं. आता गंमत बघ, कॅलहनकडे डिग्री नव्हती, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेलं, डेट्रॉइटमध्ये क्रायस्लरमध्ये नोकरी, फोटोग्राफी हौशी क्लबात शिकलेली. बोलण्यात तर अगदीच कच्चा. शिकवायचा म्हणजे काय, तर स्वतः रोज काम करायचा आणि मुलं ते बघायची. सकाळी कॅमेरा घेऊन शहरात चालत सुटायचं, दुपारी प्रिंट करायच्या, बायको एलेनॉर आणि मुलगी बार्बरा यांचे फोटो वर्षानुवर्षं काढायचे. एवढं करून वर्षाकाठी आपल्याला पसंत पडलेले फोटो जेमतेम अर्धा डझन, असा त्याचा स्वतःचाच हिशोब होता. हे बघून विद्यार्थ्याला जे कळतं ते कुठल्या लेक्चरमध्ये सांगता येणार?

मग १९५१ मध्ये त्याने ॲरन सिस्किंडला बोलावून घेतलं. हा एकदम उलटा, न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये इंग्लिश शिकवलेला, बोलणारा, वाद घालणारा. एक गप्प बसणारा आणि एक बोलणारा अशी जोडी जमली आणि त्यांच्या हाताखालून रे मेट्झ्कर, केनेथ जोसेफसन असे लोक बाहेर पडले. जपानचा यासुहिरो इशिमोतो पण तिथलाच, ज्याने पुढे क्योतोच्या कात्सुरा राजवाड्याचे फोटो काढले.

पण मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट रिचर्ड निकेलची आहे. सिस्किंडने वर्गाला एक प्रोजेक्ट दिला, लुई सलिव्हन या आर्किटेक्टने बांधलेल्या इमारतींचे पद्धतशीर फोटो काढायचे. बाकीच्यांनी केला, मार्क घेतले, पुढे गेले. निकेल मात्र त्याच्यात अडकला तो कायमचा. १९५० आणि ६० च्या दशकात शिकागोत त्या इमारती धडाधड पाडत होते, हा त्यांचे फोटो काढायचा, वाचवण्यासाठी निदर्शनं करायचा, आणि नाहीच वाचली की पाडकाम चालू असताना आत घुसून नक्षीकामाचे तुकडे सोडवून आणायचा. १९७२ च्या एप्रिलमध्ये जुन्या स्टॉक एक्स्चेंजच्या इमारतीत असाच गेला होता आणि अंगावर मजला कोसळून त्यातच मेला. कितीतरी दिवसांनी सापडला. त्या इमारतीची ट्रेडिंग रूम नंतर आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये जशीच्या तशी उभी केली, अजून बघता येते, भिंतींवर स्टेन्सिलची रंगीत नक्षी अशी की मान अवघडेपर्यंत बघत राहावं. वर्गातल्या त्या प्रोजेक्टचं पुस्तक शेवटी २०१० मध्ये आलं, म्हणजे निकेल जाऊन ३८ वर्षांनी. एका असाइनमेंटने माणसाचं आख्खं आयुष्य घेतलं. चांगलं झालं की वाईट ते तूच ठरव, मला अजून ठरवता येत नाही.

नाशिकचा_क्लिकवाला:

ताई गोष्ट भारी आहे, पण पोरगा विचारतोय करिअरचं आणि तुम्ही सांगताय मजला कोसळून मेलेल्याचं 😅 मला एवढंच सांगा ही सगळी मंडळी खात काय होती? वर्षाला सहा फोटो म्हणे. मी एका हळदीत दोन हजार काढतो.

डार्करूमचा_लाल_दिवा:

नाशिककरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मी अप्लाइड आर्टला बरीच वर्षं फोटोग्राफी शिकवली, आता रिटायर्ड आहे, म्हणून थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

ही मंडळी खात होती मास्तरकीचा पगार. अमेरिकेतल्या आर्ट फोटोग्राफीच्या इतिहासात मागच्या शतकाच्या उत्तरार्धातली बरीच मोठी नावं घ्या, बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या कॉलेजात नोकरीला. प्रिंट विकून घर चालवणारे फार थोडे, आणि तेही उशिरा. तेव्हा तुमचे सर आयुष्य घडवतात म्हणजे काय, तर नजर देतात हे आहेच, पण त्या पिढीत मेंटरने दिलेली सगळ्यात ठोस गोष्ट म्हणजे नोकरी असायची. नाहीतर ओळख, शिफारस, "या मुलाला घ्या" असं एक पत्र. कॅलहनला घेताना मोहोय-नॉजनी डिग्री विचारली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

जेरी उल्समन बघा. रॉचेस्टरला मायनर व्हाइट आणि राल्फ हॅटर्सली यांच्याकडे शिकला, मग इंडियाना युनिव्हर्सिटीत हेन्री होम्स स्मिथकडे. आणि हे स्मिथ कोण, तर मोहोय-नॉजनी न्यू बाउहाउसमध्ये पहिल्या वर्षी शिकवायला घेतलेले. स्मिथ साहेबांचं फोटोग्राफीबद्दल मत असं की ती वास्तवाला बांधलेली नाही, डार्करूममध्ये पण चित्र घडवता येतं. १९६० मध्ये उल्समनला फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत व्हॅन डेरेन कोक यांनी नोकरी दिली आणि तो निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. त्याची पद्धत सांगतो, कारण आजच्या पोरांना फोटोशॉपमुळे हे खरंच वाटत नाही. ओळीने एन्लार्जर मांडलेले, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून खाली फोटोच्या कागदावर पाडणारी यंत्रं, प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह. एकच कागद, पहिल्या एन्लार्जरखाली झाड एक्स्पोज करायचं, खालचा भाग हाताने नाहीतर पुठ्ठ्याने झाकून ठेवायचा, मग तोच कागद उचलून दुसऱ्याखाली, तिथे मुळांच्या जागी घर, मग तिसऱ्याखाली आभाळ. कडा कुठे दिसता कामा नये. जरा हात चुकला की कागद फुकट आणि पुन्हा पहिल्यापासून. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये त्याचं एकट्याचं प्रदर्शन लागलं तेव्हा "शुद्ध" फोटोग्राफीवाल्यांना हे चालण्यासारखं नव्हतं. पण महिन्याला पगार येत होता, डार्करूम हक्काची होती, त्यामुळे कुणाला आवडतंय की नाही याची पर्वा करायची वेळ त्याच्यावर आली नाही.

आता दुसरी फांदी. कॅलहन १९६१ मध्ये शिकागो सोडून ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनला गेले. तिथे त्यांच्याकडे एमेट गोविन नावाचा व्हर्जिनियाचा मुलगा आला. कॅलहन जसे एलेनॉरचे फोटो काढायचे तसे गोविनने बायको ईडिथ आणि तिचं डॅनव्हिलचं माहेर, आज्या, भाचरं, परसातली पोरं यांचे काढले. वरवर नक्कल वाटते, पण प्रिंट शेजारी ठेवल्या तर अजिबात नाही. कॅलहनची एलेनॉर शांत, लांब, जवळजवळ आकार होऊन जाते, आणि गोविनच्या फोटोत घरातला घाम आणि उकाडा आहे. त्यात याने लहान कॅमेऱ्याची लेन्स आठ बाय दहा इंची फिल्मच्या मोठ्या कॅमेऱ्याला लावली, ती पूर्ण फिल्म भरेना, म्हणून मधे गोल चित्र आणि भोवती काळं असं आलं. दुसरा कोणी असता तर फेकून दिलं असतं, याने ते ठेवून घेतलं आणि वर्षानुवर्षं तसे गोल फोटो काढले.

हा गोविन पुढे १९७३ ते २००९ प्रिन्स्टनमध्ये शिकवत होता. त्याचा एक विद्यार्थी फझल शेख. त्याने निर्वासितांच्या छावण्यांत काम केलं आणि मग आपल्या वृंदावनात येऊन तिथल्या विधवांचे पोर्ट्रेट काढले. म्हणजे मोहोय-नॉजनी कॅलहनला घेतलं, कॅलहनकडे गोविन, गोविनकडे शेख, आणि शेख वृंदावनच्या गल्लीत एका म्हाताऱ्या बाईसमोर बसलाय. प्रत्येकाचं काम वेगळं, पण जवळच्या माणसाकडे थांबून, वेळ देऊन बघायचं ही सवय हातोहात आलेली दिसते. हे यूट्यूबवर मिळणार नाही असं मी म्हणतो ते यासाठी.

आपल्याकडची अडचण अशी की ही साखळी नोकरीपाशीच तुटते. फोटोग्राफी हा आपल्या आर्ट कॉलेजांत जाहिरातीच्या हाताखालचा विषय. पूर्णवेळ शिक्षक फोटोग्राफीचाच असेल असं नाही, तासिका तत्त्वावर कोणी येतो, दोन वर्षांनी जातो. तुमचे सर व्हिजिटिंग आहेत म्हणालात, त्यातच आलं सगळं.

सयाजीबागेतला:

काका, अमेरिकेची साखळी सांगितलीत, घरची पण सांगा की. मी बडोद्याचा, चार पिढ्या इथेच, त्यामुळे आमचा अभिमान सहन करा.

१९५० मध्ये महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत फाइन आर्ट्सची फॅकल्टी सुरू झाली, पेंटिंगला ना. श्री. बेंद्रे, आपले इंदूरचे, देवळालीकर मास्तरांचे विद्यार्थी. शिल्पाला शंखो चौधरी. पुढे शांतिनिकेतनहून के. जी. सुब्रमण्यन आले. पहिल्याच बॅचला भावनगरचा ज्योती भट्ट नावाचा मुलगा होता. शिकला पेंटिंग, मग प्रिंटमेकिंगसाठी नेपल्स आणि न्यूयॉर्कचं प्रॅट इन्स्टिट्यूट, परत येऊन इथेच शिकवायला लागला. फोटोग्राफी त्याला कोणी वर्गात बसवून शिकवलीच नाही! १९६७ च्या सुमारास गुजरातच्या लोककलेवर एका सेमिनारसाठी फोटो हवे होते, तिथून सुरुवात झाली आणि मग पुढची कितीतरी वर्षं हा माणूस सौराष्ट्र, कच्छ, राजस्थान, मध्य प्रदेश असा फिरत राहिला. भिंतीवरची चित्रं, अंगणातली रांगोळी, बायकांच्या हातावरचं गोंदण. नुसती नक्षी नाही काढायचा, ज्या बाईने ती भिंत रंगवली ती बाई, तिची खाट, दारातली शेळी, सगळं त्या चौकटीत. आता त्यातल्या कितीतरी भिंती राहिल्याच नाहीत, वर डिस्टेंपर आला.

आता यात मेंटर कुठे, तर सुब्रमण्यन सरांनी त्या पिढीच्या डोक्यात हे घालून दिलं होतं की गावातली कारागिरी म्हणजे म्युझियममधली जुनी वस्तू नाही, ती आजची जिवंत कला आहे आणि तुमच्या कॅनव्हासपेक्षा कमी नाही. फॅकल्टीचे जे फाइन आर्ट्स फेअर व्हायचे त्यात मास्तर आणि पोरं मिळून खेळणी बनवायचे. ज्याच्या डोक्यात हे घट्ट बसलंय तो कॅमेरा घेऊन कच्छलाच जाणार, आणखी कुठे जाईल? म्हणून माझं म्हणणं, फोटोग्राफीचा मेंटर फोटोग्राफर असला पाहिजे असं काही नाही. ज्योतीभाईंना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं बरंचसं काम एशिया आर्ट आर्काइव्हच्या साइटवर फुकट बघायला मिळतं, आज रात्री बस आणि बघ, हळदीचे फोटो पुढे कुठे न्यायचे ते आपोआप सुचेल.

ग्रेन_आणि_गोंगाट:

+१ बडोदेकरांना. दयानिता सिंग पण तेच. शिकली अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन), पण मेंटर कोण विचारलं तर झाकीर हुसेनचं नाव घेते. विद्यार्थी असताना त्यांच्या कार्यक्रमात फोटो काढायला गेली, आयोजकांनी अडवलं, ढकलाढकलीत पडली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं हिवाळ्यात त्यांच्याबरोबर दौऱ्यावर फिरली. १९८६ मध्ये त्यावर पुस्तक केलं. रियाज म्हणजे काय ते तिथे बघितलं. २०२२ मध्ये फोटोग्राफीतला मोठा हॅसलब्लाड पुरस्कार.

आणि काका एक शंका. तगडा मास्तर असला की पोरं त्याच्यासारखीच होतात, त्याचं काय? जर्मनीत ड्युसेलडॉर्फला शिकवणाऱ्या बेखर या फोटोग्राफर जोडप्याबद्दल लोक हेच म्हणतात ना, सगळे विद्यार्थी समोरून, थंड, मोठ्ठे फोटो काढणारे.

डार्करूमचा_लाल_दिवा:

लोक म्हणतात, पण नीट बघितलं तर तसं नाही. बर्न्ड बेखर १९७६ पासून ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्टअकादमीत, म्हणजे तिथल्या आर्ट कॉलेजात शिकवत होते, पगारावर ते एकटे, पण काम दोघांचं, हिला बेखर यांचा शिकवण्यातला वाटा कागदावर नाही एवढंच. त्यांचं स्वतःचं काम म्हणजे पाण्याच्या टाक्या, खाणींवरचे मनोरे, ढगाळ आभाळ, ब्लॅक अँड व्हाइट, एकाच उंचीवरून, ओळीने लावलेले. त्यांच्याकडचा थॉमस रूफ पासपोर्टसारखे चेहरे घेऊन ते भिंतीएवढे करतो, रंगीत. कांडिडा ह्योफर लायब्ररीच्या आतल्या रिकाम्या खोल्या. गुर्स्की तर कॉम्प्युटरवर इमारती पुसून टाकतो, त्याचा ऱ्हाइन नदीचा फोटो २०११ मध्ये ४३ लाख डॉलरच्या वर गेला, नाशिककर वाचताय ना? थॉमस श्ट्रुथ तर आधी गेरहार्ड रिष्टरकडे पेंटिंगला होता, रिष्टरनेच त्याला बेखरकडे जा म्हणून सांगितलं. माझ्या मते हा रिष्टर इथे खरा मास्तर, ज्याला कळलं की हा मुलगा आपल्याकडचा नाही.

शिस्त घेतली आणि विषय आपापला घेतला, इतकं जमलं की पुरे. पण तुमची शंका खोटी नाही, मी असेही शिक्षक बघितलेत की ज्यांच्या पंधरा विद्यार्थ्यांचं प्रदर्शन लावलं तर एकाच माणसाचं वाटावं.

सांगलीकर_पन्नासएमएम:

बापरे, एवढं सगळं अपेक्षितच नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. बडोद्याचं आर्काइव्ह उघडून बसलोय, झोप उडाली. पण काका, कॉलेजच्या वेबसाइटवर सगळेच प्राध्यापक "अनुभवी आणि नामांकित" असतात, कोण कसा आहे ते बाहेरून ओळखायचं कसं? आणि मी एनआयडीचा विचार करतोय, गांधीनगर कॅम्पसला फोटोग्राफी डिझाइनचं एमडेस, म्हणजे मास्टर्स आहे.

डार्करूमचा_लाल_दिवा:

वेबसाइट सोडा. त्या शिक्षकाचे चार-पाच वर्षांपूर्वी पास झालेले विद्यार्थी शोधा, इन्स्टावर सापडतात, आणि ते आज काय करतायत ते बघा. काम एकमेकांसारखं दिसतंय का, मास्तरसारखं दिसतंय का, आणि मुख्य म्हणजे अजून काम करतायत का. मग त्यातल्या एखाद्याला मेसेज करून सरळ विचारा की क्रिटला, म्हणजे वर्गात सगळ्यांसमोर कामाची चर्चा होते तेव्हा, सर काय बोलतात. "छान आहे" म्हणणारे नकोत आणि रडवणारे पण नकोत, फोटोत दिसतंय त्याबद्दल बोलणारे हवेत. आणि शिक्षक स्वतः सध्या काही करतोय का तेही बघा, वीस वर्षांपूर्वीच्या एका प्रदर्शनावर जगणारे आमच्यात पुष्कळ.

एनआयडीसाठी डॅट या प्रवेश परीक्षेची प्रिलिम्स आणि मेन्स असते, तयारीला आत्तापासून लागा. पोर्टफोलिओत हळदीचे सगळे टाकू नका, सरांनी काढलेले टाका आणि तसेच आणखी काढा, सौदे परत सुरू झाले की लगेच जा. तुमच्या व्हिजिटिंग सरांचा नंबर जपून ठेवा, कॉलेज सोडलं तरी वर्षातून दोनदा प्रिंट घेऊन त्यांच्या घरी जायचं. मोबाइलवर पाठवू नका, प्रिंट घेऊन जा.

नाशिकचा_क्लिकवाला:

४३ लाख डॉलर वाचलं काका, आता माझी पण एक नदी आहे गोदावरी, बघतो कोणी घेतंय का 😂

भावा सांगलीकर, मास्टर्स कर बाबा, अडवत नाही. फक्त पप्पांशी भांडून जाऊ नको. तुळशीचं लग्न झालं की आमची गडबड सुरू होते, मला कँडिडला माणूस कमी पडतो. ये चार-पाच लग्नांना, दिवसाचे पैसे देतो, राहणं-खाणं आमच्याकडे, फीला हातभार लागेल. नवरा-नवरी मी बघतो, तू मांडवामागची रिकामी पोती काढ हवी तेवढी. डीएम कर.